मुक्काम गुलमंडी: जागा बरोबर, दिवस चुकले

गेल्या डिसेंबरात माझी मावशी, तिचे यजमान, त्यांची मुलगी, जावई आणि अकरा वर्षांचा नातू अशी पाच माणसे पुण्याहून स्वतःच्या गाडीने छत्रपती संभाजीनगरला चार रात्रींसाठी आली. वेरूळ आणि अजिंठा पाहायचे, एक दिवस शहरात हिंडायचे आणि गुरुवारी सकाळी परत निघायचे, एवढाच बेत होता. मुक्काम कुठे करायचा हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझे बालपण राजाबाजारातल्या एका वाड्यात गेले आणि आता मी सिडकोत राहतो. पाहुण्यांना आपल्याच घरी का ठेवले नाही, हा प्रश्न वाचकाच्या मनात आधी येईल, म्हणून सांगून टाकतो: आमचे घर दोन खोल्यांचे आणि त्या महिन्यात न्हाणीघराच्या फरश्या उखडलेल्या होत्या. मावशीने त्यावरही तयारी दाखवली होती, पण तिच्या लेकीने लॉजच घ्यायचे असा हट्ट धरला.

पहिल्या दोन रात्री गुलमंडीजवळच्या एका जुन्या लॉजमध्ये आणि नंतरच्या दोन रात्री रेल्वे स्टेशन रोडवरच्या एका नव्या हॉटेलात, अशी विभागणी मी केली. जुन्या शहराची मजाही मिळेल आणि शेवटी जरा आरामही होईल, असा माझा हिशेब होता. तो चुकला. जुन्या शहरात राहावे की नाही या प्रश्नाचे उत्तर देताना लोक बहुधा नुसत्या जागेविषयी बोलतात, माझ्या हातून मात्र चूक झाली ती दिवसांच्या क्रमात, म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडतो आहे.

शहराची रचना आधी ध्यानात घ्यावी लागते. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परत आल्यावर तिचे औरंगाबाद झाले आणि पुढे तिच्याभोवती तट उभा राहिला. त्या तटाच्या आतले गाव म्हणजे आजची गुलमंडी, सराफा, सिटी चौक, शहागंज, राजाबाजार, कुंभारवाडा, औरंगपुरा. तट बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला, पण दरवाजे अजून रस्त्यांच्या मध्ये उभे आहेत. ‘बावन्न दरवाजांचे शहर’ हे बिरूद आम्ही अभिमानाने मिरवतो, उभे असलेले दरवाजे मात्र त्याहून पुष्कळ कमी आहेत. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातली रेल्वे मनमाडपर्यंत जोडली गेली, तेव्हा स्टेशन तटापासून दूर, नैर्ऋत्येला झाले. त्यानंतरची मोठी हॉटेले स्टेशन रोडला आणि विमानतळाकडे जाणाऱ्या जालना रोडला उभी राहिली. त्यामुळे बाहेरून येणारा प्रवासी जुन्या शहराला बगल देऊन लेण्यांना जातो आणि तसाच परत जातो, हे आमच्याकडे नेहमीचे झाले आहे. जुन्या शहरात उरलेली लॉजे मुख्यतः व्यापाऱ्यांची आहेत: कापड, भांडी किंवा सोने घ्यायला जालना, बीड, परभणीकडून आलेला माणूस एक रात्र टेकतो आणि सकाळी निघून जातो.

मी निवडलेले लॉज त्यातलेच. दोन मजले, लिफ्ट नाही, खोल्या पहिल्या मजल्यापासून वर, खाली दुकाने. भाडे स्टेशन रोडवरच्या हॉटेलाच्या जवळपास निम्मे आणि खोली सोडण्याचा हिशेब चोवीस तासांचा, म्हणजे ज्या वेळी आलात त्याच वेळी दुसऱ्या दिवशी खोली सोडायची. जिना सव्वीस पायऱ्यांचा, अरुंद आणि उभा. मी खोली पाहायला गेलो तेव्हा त्या मोजल्या नव्हत्या. मावशीने चढताना मोजल्या. तिचे वय ६९, गुडघे दुखरे.

पहिल्या रात्रीची अडचण गाडीची होती. लॉजच्या मालकांनी फोनवरच सांगून ठेवले होते, “भाऊ, गाडी इथं आणू नका. रविवारचा बाजार असतो, आत आली तर रातीपर्यंत निघायची नाही.” म्हणून समर्थनगरातल्या एका मित्राच्या अंगणात गाडी लावली आणि सामान दोन रिक्षांत घालून लॉजवर आणले. हे अंतर नकाशावर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात सणासुदीला किंवा लग्नसराईत गुलमंडीच्या रस्त्यावर हातगाड्या, दुचाक्या आणि खरेदीला आलेली कुटुंबे अशी दाटी असते की चालणाऱ्यालाच वाट मिळते, तीही खांदा पुढे करून. गाडीची सोय आधी करून ठेवली नसती, तर आल्या आल्याच जावईबापूंचा आणि माझा वाद झाला असता.

त्या रात्री दहापर्यंत बाजार चालू होता आणि साडेअकराला खालून एक वरात गेली. पहाटे अंधार असतानाच अजान झाली, पाठोपाठ सुपारी मारुतीच्या बाजूने घंटा ऐकू आली. मावशीचा डोळा लागला नाही. काका, म्हणजे मावशीचे यजमान, मात्र सहा वाजता तयार होऊन जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ते चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी आदल्या दिवशीच मला बजावले होते, “अरे, दुकाने उघडायच्या आत मला हे गाव दाखव.”

ती पाऊण तासाची फेरी हा या मुक्कामाचा सगळ्यात मोठा लाभ होता, आणि बाहेरच्या हॉटेलात राहून तो मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसा या रस्त्यांवर पाट्या, कापडाचे तागे आणि माणसे यांच्यापलीकडे नजर जात नाही. पहाटे शटर खाली असतात, त्यामुळे डोळे आपोआप वर जातात आणि तिथे लाकडी सज्जे, त्यांना पेलणारे कोरीव घोडे, एखाद्या वाड्याचा अर्धा उरलेला दुसरा मजला, त्याला टेकून उभी राहिलेली काचेची नवी इमारत असे सगळे दिसते. राजाबाजारात ग्रामदैवत संस्थान गणपतीला हात जोडून आम्ही शहागंजकडे वळलो. वाटेत मी त्यांना आमचा वाडा जिथे होता ती जागा दाखवली. तिथे आता तीन मजली कपड्यांचे दुकान आहे. काका काही बोलले नाहीत, फक्त जोत्याचा एक जुना घडीव दगड पायरी म्हणून वापरला होता त्यावर त्यांनी काठी टेकली. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ चहा घेतला. चहावाल्याने काकांना उर्दू वळणाच्या दख्खनीत गाव विचारले, काकांनी शुद्ध पुणेरी मराठीत सांगितले, आणि दोघांचे व्यवस्थित जमले.

परतताना एका बोळात नळ आला होता. दारोदार घागरी, हंडे, निळे पिंप, आणि पाणी खेचणाऱ्या मोटारींची घरघर. शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, सुमारे ५० किलोमीटरवरून, चढावर उपसून आणावे लागते आणि ते रोज येत नाही. प्रत्येक भागाची पाळी काही दिवसांच्या अंतराने येते. ज्या सकाळी पाळी असते त्या सकाळी त्या गल्लीत दुसरे कोणतेही काम होत नाही. आमच्या लॉजचीही खालची टाकी त्याच पाण्यावर भरत होती, आणि ती कमी पडली तर मोठा टँकर बोळात शिरत नसल्यामुळे लहान टँकर मागवावा लागे, जो महाग पडतो. खोलीत ‘पाणी जपून वापरा’ अशी चिठ्ठी लावलेली होती. गरम पाणी सकाळी सहा ते नऊ आणि तेही बादलीने. हे तोट्याच्या बाजूला लिहावे लागेल, पण नुसती गैरसोय म्हणून ते लिहिणे मला पटत नाही. जुन्या वस्तीत उतरणारा पाहुणा शेजाऱ्यांच्याच टाकीतले पाणी वापरत असतो, याची जाणीव त्याला असलेली बरी. मलिक अंबरने याच गावाला खापराच्या नळांतून नहर आणून पाणी दिले होते, हे काकांनी नातवाला सांगितले तेव्हा त्याने विचारले, “मग ते आता का नाही येत?” त्याचे उत्तर आम्हा दोघांकडेही सोपे नव्हते.

सोमवारी वेरूळ पाहिले. हा वार मुद्दाम निवडावा लागतो, कारण अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. सकाळी सातला निघताना काहीच त्रास झाला नाही. रस्ते मोकळे होते, समर्थनगरात गाडी काढली आणि छावणीमार्गे शहराबाहेर पडलो. सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता. कैलास लेण्यात मावशी दोन तास हिंडली, चढउतार केली आणि दुपारनंतर तिचा गुडघा सुजला. जुन्या शहरातून पहाटे बाहेर पडणे अवघड असते, असे लोक म्हणतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. अवघड असते ते संध्याकाळी परत येणे.

साडेसहाला समर्थनगरात गाडी लावली. रिक्षावाला गुलमंडीत यायला तयार होईना. “आत घुसलो तं तासभर अडकतो, काका,” म्हणाला आणि औरंगपुऱ्यात उतरवून गेला. तिथून लॉजपर्यंत एरवी दहा मिनिटे लागतात. मावशीला धरून आणायला आम्हाला पस्तीस मिनिटे लागली. त्यानंतर सव्वीस पायऱ्या. ती वर पोचली आणि पलंगावर बसून म्हणाली, “मला आता इथून कुठेही नेऊ नका.” तिच्या त्या एका वाक्याने माझी सगळी आखणी कोलमडली, ती कशी ते पुढे येईलच.

त्याच रात्री जुन्या शहराची दुसरी बाजूही दिसली. लॉजच्या मालकांनी कोपऱ्यावरच्या एका वयस्क डॉक्टरांना निरोप पाठवला. ते साडेनऊला चालत आले, गुडघा तपासला, पट्टी बांधली, दोन गोळ्या लिहून दिल्या. औषधाचे दुकान खालीच उघडे होते. गंभीर काही असते तर ज्याला सगळे शहर घाटी म्हणते ते सरकारी रुग्णालयही पंचक्कीच्या, म्हणजे जुन्या पाणचक्कीच्या, बाजूला, फार लांब नाही. मात्र रुग्णवाहिका त्या बोळात कशी आली असती, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. तिकडे मावसबहीण आणि जावई रात्री साडेदहाला उठून बाहेर पडले. तिने इमरती घेतली, त्यांनी सिटी चौकाच्या पुढे जाऊन नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाल्ला. मावसबहीण नंतर म्हणाली की एवढ्या रात्री अनोळखी गावात ती इतक्या निर्धास्तपणे कधी चालली नव्हती, कारण सगळीकडे माणसे, दुकाने आणि उजेड होता. स्टेशन रोडवर तिला तसे वाटले नाही. तिथे रस्ता रुंद, गाड्या वेगात आणि पायी चालणारे कोणी नाही.

इथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहितो. पुण्या-मुंबईचे लोक हळू आवाजात विचारतात, “त्या भागात राहणे ठीक आहे ना?” या गावात ताणतणावाचे प्रसंग घडले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही, आणि मिरवणुकीच्या किंवा तणावाच्या दिवशी जुन्या शहरातले रस्ते बंद होतात. तारीख ठरवण्याआधी ओळखीच्या माणसाला विचारावे, एवढी काळजी पुरे. एरवी तिथल्या बाजाराचा दिवस सराफ, बोहरी, मारवाडी, मोमीन, कोष्टी अशा सगळ्यांच्या दुकानदारीवर चालतो आणि पाहुण्याकडे गिऱ्हाईक म्हणूनच पाहिले जाते.

मंगळवारी माझ्या आखणीचा दोष उघडा पडला. अजिंठ्याला जाण्यासाठी जुने शहर खरे तर सोयीचे, कारण दिल्ली दरवाजाकडून हर्सूलमार्गे जळगाव रस्ता लगेच मिळतो. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. फर्दापूरच्या टी-पॉईंटला गाडी ठेवून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जायचे आणि पुढे पायऱ्या. तिथे डोलीची सोय मिळते, पण सुजलेला गुडघा घेऊन जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरचा प्रवास मावशीला नको होता. तिला दिवसभर पडून राहायचे होते. आणि नेमक्या त्याच सकाळी आम्ही खोल्या सोडत होतो! स्टेशन रोडच्या हॉटेलात दुपारी बारापूर्वी खोली मिळणार नव्हती. लॉजमध्ये आणखी एक दिवस मागितला, तर पहिल्या मजल्यावरच्या खोल्या भरलेल्या, दुसऱ्या मजल्यावरची एक रिकामी. शेवटी मावशी माझ्या घरी, उखडलेल्या फरश्यांच्या धुळीत, माझ्या बायकोबरोबर दिवसभर राहिली. ती म्हणते तो दिवस चांगला गेला. मावशीची ही सवयच आहे, म्हणून ते मी पुरावा म्हणून धरत नाही.

स्टेशन रोडवरच्या हॉटेलाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. लिफ्ट होती, गाडी आत लागत होती, गरम पाणी चोवीस तास, रात्री शांतता. मावशी पहिल्यांदा सात तास झोपली. नातू टीव्हीसमोर बसला. लॉजच्या सज्ज्यातून तो तासन्‌तास खालचा बाजार बघत असे.

बुधवार शहराचा. सकाळी बीबी का मकबरा, मग पंचक्की, संध्याकाळी बाजार, असे ठरले. मकबरा १६६० च्या आसपास औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी बांधला गेला, आणि बेगमपुऱ्याच्या दिशेने जाताना वाटेत खाम नदीवरचा मकाई दरवाजा लागतो. त्याच्या कमानीतून एका वेळी एकच गाडी सावकाश जाते. पंचक्कीला, म्हणजे १७४४ मधल्या पाणचक्कीला, हौदाकाठच्या मोठ्या वडाखाली मावशी तब्बल दीड तास बसली. तिला आराम हवा होता, पण खोली तीन-चार किलोमीटर लांब असल्यामुळे जाऊन परत येण्याचा उत्साह कोणात नव्हता. संध्याकाळी गुलमंडीत हिमरूची शाल घ्यायला आम्ही पुन्हा रिक्षाने आलो, पुन्हा औरंगपुऱ्यात उतरलो, आणि पाच जणांच्या येण्याजाण्यात दोन रिक्षांचे दोन फेरे झाले. सोमवारी ज्या बाजारावर मावशीची खोली उघडत होती, त्याच बाजारात बुधवारी ती एका दुकानाच्या बाकावर पाय पसरून बसली होती, आणि झोपायला पलंग होता तो रेल्वे रुळांच्या बाजूला.

याचा अर्थ असा की ज्या दिवशी आम्हाला गावाबाहेर जायचे होते त्या दिवशी आम्ही गावाच्या गाभ्यात राहत होतो, आणि ज्या दिवशी गावातच हिंडायचे होते त्या दिवशी बाहेर. क्रम उलटा असता, म्हणजे रविवार आणि सोमवार स्टेशन रोड, मंगळवार आणि बुधवार गुलमंडी, तर वेरूळहून थकून आलेल्या मावशीला हॉटेलाच्या दारात उतरता आले असते, बुधवारी दुपारी ती खोलीवर येऊन पडली असती आणि काकांना ज्या पहाटेची ओढ होती ती एकऐवजी दोनदा मिळाली असती. मात्र या उलट्या क्रमातही मंगळवारी खोल्या सोडण्याची अडचण तशीच राहिली असती. ती टाळायची तर मुक्काम मोडूच नये; आणि एकच जागा घ्यायची असेल तर या कुटुंबासाठी, मावशीच्या गुडघ्यासह, मी आजही स्टेशन रोड म्हणेन. काका आणि नातू दोघेच आले असते तर क्षणभरही विचार न करता गुलमंडी म्हटले असते.

खर्चाविषयी एक खुलासा करतो. लॉज निम्म्या भाड्यात मिळाले हे खरे, परंतु रिक्षांचे फेरे, बाहेरचा चहा-नाश्ता आणि हमालाला दिलेले पैसे धरल्यावर फरक बराच आटला. जेवणात मात्र जुने शहर निर्विवाद पुढे राहिले. सकाळी कढईतून निघालेली गरम सुशीला (चुरमुऱ्यांचा पदार्थ), दुपारी ज्वारीची भाकरी आणि रात्री इमरती यांची बरोबरी हॉटेलातल्या नाश्त्याच्या काउंटरला करता आली नाही, जरी तो भाड्यात धरलेला होता. काकांना हुरडा हवा होता, तो दोन्हीकडे नव्हता. त्यासाठी शेतावरच जावे लागते.

निघण्याआधी काका लॉजवर जाऊन मालकांना भेटून आले. आपण फेब्रुवारीत एकटेच येणार आणि चार दिवस राहणार, असे त्यांनी सांगितले. मालकांनी सज्ज्याची खोली राखून ठेवायचे कबूल केले. मावशीला हे गाडीत बसल्यावर कळले. ती म्हणाली, “मला पण यायचे आहे. त्यांना विचारा, खाली काउंटरमागे ती सामानाची खोली आहे ना, तिथे पलंग मावतो का.” मी विचारले. ते म्हणाले, मावतो, पण पंधरा दिवस आधी कळवा, पोती हलवावी लागतील.